काम पूर्ण झाले, हे कोणी ठरवायचे?

आपल्याकडे घराचा उंबरठा पूज्य मानला जातो. नवी नवरी माप ओलांडून घरात येते ती त्याच उंबरठ्यावरून. तान्हे मूल रांगत रांगत पहिल्यांदा उंबरठ्यापलीकडे जाते, तेव्हा साऱ्या घराला आनंद होतो. मात्र व्हीलचेअरवर बसलेल्या माणसासाठी हाच तीन-चार इंचांचा उंबरठा भिंतीसारखा असतो. न्हाणीघराची पायरी, जिन्याचे वळण, अरुंद दरवाजा या गोष्टी धडधाकट माणसाच्या ध्यानातही येत नाहीत; पण त्यांच्यामुळेच एखादा मनुष्य स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा परावलंबी होतो.

अशा घरात आवश्यक ते बदल करून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे काय? इंग्लंडने या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देऊन अर्धशतक लोटले आहे. तेथे या कामासाठी सार्वजनिक तिजोरीतून अनुदान मिळते आणि पात्र व्यक्तीचा तो कायदेशीर हक्क आहे. असे असूनही त्या अनुदानातून झालेल्या कामांच्या दर्जावरून तेथे वर्षानुवर्षे वाद चालले आहेत. न्हाणीघर बांधून झाले, पण त्यात पाणी तुंबते. रॅम्प झाला, पण त्यावरून एकट्याने चढता येत नाही. कागदावर काम पूर्ण, पैसे चुकते. घरातला माणूस मात्र होता तेथेच. हे वाद केवळ निष्काळजी गवंड्यामुळे होतात, असे आम्हांला वाटत नाही. त्यांचे मूळ योजनेच्या रचनेत आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

हक्काचा उगम

१९७० साली ब्रिटनच्या संसदेने दीर्घकाळ आजारी व दिव्यांग व्यक्तींसंबंधीचा कायदा संमत केला. त्यामागे आल्फ मॉरिस या मँचेस्टरच्या खासदाराची धडपड होती. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन अपंगत्व आलेल्या पित्याचे हाल त्यांनी लहानपणी पाहिले होते. गरजू व्यक्तीच्या घरात आवश्यक फेरफार करण्यास साहाय्य करणे, हे या कायद्याने स्थानिक परिषदांचे कर्तव्य ठरविले. पुढे १९७४ साली मॉरिस दिव्यांगांच्या प्रश्नांसाठी नेमलेले तेथील पहिले मंत्री झाले.

आजचे अनुदान 'डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट' या नावाने ओळखले जाते. आपण त्याला दिव्यांग सुविधा अनुदान म्हणू. १९८९ च्या कायद्याने ते आले आणि १९९६ च्या गृहनिर्माण अनुदानविषयक कायद्याने त्याला सध्याचे रूप मिळाले. घरात येणे-जाणे, बैठकीच्या व झोपण्याच्या खोलीपर्यंत पोहोचणे, शौचालय व न्हाणीघर वापरणे, स्वयंपाक करणे, घर उबदार ठेवणे, दिव्याची बटणे हाताशी येणे, अशी प्रयोजने त्या कायद्यात एकामागून एक मांडली आहेत. माणसाच्या रोजच्या जगण्याची अशी यादी कायद्याच्या पुस्तकात क्वचितच पाहावयास मिळते.

अर्जदाराचे उत्पन्न व बचत पाहून त्याने किती वाटा उचलावा, हे ठरते. दिव्यांग मुलांच्या बाबतीत मात्र इंग्लंडने डिसेंबर २००५ पासून आईवडिलांच्या उत्पन्नाची चौकशी बंद केली. अनुदानाची कमाल मर्यादा २००८ साली २५,००० पौंडांवरून ३०,००० पौंड झाली. वेल्समध्ये ती ३६,००० पौंड आहे. केंद्र सरकार परिषदांना या कामासाठी जी रक्कम देते, ती २०१५-१६ मध्ये २२ कोटी पौंड होती. २०२५-२६ मध्ये ती ७१ कोटी १० लाख पौंडांवर गेली. तेव्हा सरकारने हात आखडता घेतला, एवढे म्हणून हा विषय संपत नाही.

गरजही तितकीच मोठी आहे. इंग्लंडमधील बरीचशी घरे जुनी, अरुंद व दुमजली आहेत. झोपण्याच्या खोल्या आणि न्हाणीघर बहुधा वरच्या मजल्यावर असते. सपाट प्रवेश, अडथळा नसलेला उंबरठा, तळमजल्यावर शौचालय आणि पुरेसे रुंद दरवाजे या चारही सोयी असलेली घरे २०१८ च्या सरकारी पाहणीनुसार केवळ ९ टक्के होती. समानता व मानवी हक्क आयोगाने त्याच वर्षी दिव्यांगांच्या घरांची स्थिती हे देशाचे लपलेले संकट असल्याचे आपल्या अहवालातून सांगितले.

अर्जापासून बांधकामापर्यंत

ही योजना प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहिल्याशिवाय वादाचे मर्म कळणार नाही. प्रथम व्यवसायोपचारतज्ज्ञ घरी येतो. ती व्यक्ती कशी उठते, कशी बसते, खुर्चीवरून पलंगावर कशी जाते, हे तो पाहतो आणि काय हवे ते लिहून देतो. बदल 'आवश्यक व योग्य' आहे काय, हा पहिला निकष. त्यानंतर परिषदेचा तांत्रिक अधिकारी घराची मापे घेतो. त्या घरात हे काम करणे 'वाजवी व व्यवहार्य' आहे काय, हा दुसरा निकष. मग कामाचा तपशील तयार होतो. सर्वसाधारणपणे किमान दोन कंत्राटदारांची दरपत्रके मागविली जातात आणि अनुदानाची रक्कम ठरते. रीतसर अर्ज आल्यापासून सहा महिन्यांत निर्णय देण्याचे बंधन परिषदेवर आहे. परंतु हे सहा महिने अर्ज दाखल झाल्यानंतर मोजले जातात. तज्ज्ञाच्या भेटीची वाट पाहण्यात गेलेला काळ त्यांत धरला जात नाही.

१९९८ साली बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेविरुद्ध झालेल्या एका खटल्यात न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. एखादा बदल आवश्यक व योग्य आहे की नाही हे ठरवताना परिषदेने स्वतःच्या तिजोरीतील खडखडाट पुढे करता कामा नये, असा त्याचा आशय होता. गरज ही गरज असते, पैशाच्या थैलीने ती मोजायची नसते. हा न्याय मोलाचा आहे. पण त्याची एक दुसरी बाजू आम्हांला दिसते. जेथे नकार देता येत नाही, तेथे काटकसर दुसऱ्या वाटेने शिरू शकते. थेट 'नाही' म्हणण्याऐवजी स्वस्तातले स्वस्त साहित्य, कमीतकमी दराचे कंत्राट आणि घाईघाईची पाहणी, अशा मार्गांनी ती दर्जात उतरते.

इंचाचा फरक

या योजनेत सर्वाधिक मागणी असलेल्या कामांत पायरी नसलेले न्हाणीघर, जिन्यावरून सरकणारी खुर्ची आणि दारातला रॅम्प यांचा समावेश होतो. कामे साधी वाटतात. परंतु त्यांचा उपयोग अगदी बारीक मापांवर अवलंबून असतो.

न्हाणीघराचेच पाहा. फरशीला जाळीच्या दिशेने नेमका उतार हवा. तो कमी पडला तर पाणी दाराकडे येते आणि ओल शेजारच्या खोलीत शिरते. तो जास्त झाला तर चाकांची न्हाण्याची खुर्ची आपोआप घसरते. भिंतीवरच्या आधारदांड्यावर माणूस आपला सारा भार टाकतो. तो दांडा पोकळ भिंतीत मागे लाकडाचा आधार न देता ठोकला, तर एके दिवशी भिंतीसकट हातात येतो. घडीचे आसन दोन इंच उंच बसले, तर पाय जमिनीला टेकत नाहीत. पाणी किती गरम होईल याला मर्यादा घालणारा नळ नीट बसवला नाही, तर ज्याच्या पायांना संवेदना नाही त्याला भाजल्याचेही कळत नाही.

रॅम्पचे गणित तर शाळकरी मुलालाही करता येईल. सामान्यतः एक फूट उंची चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार हवा. हा सुद्धा थोड्या अंतरापुरताच, लांब पल्ल्याला तो याहून सौम्य असावा लागतो. घरापुढे सहा फूट जागा असेल आणि कंत्राटदाराने तेवढ्यातच एक फूट उंची गाठली, तर चढ दुप्पट होतो. तो दिसायला रॅम्पच असतो. त्याचे छायाचित्र फायलीत लावता येते. पण खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलणाऱ्याला तो चढता येत नाही आणि उतरताना तो पुढे कलंडण्याची भीती असते. वर दारापाशी खुर्ची थांबवून दार उघडण्यासाठी सपाट जागा नसेल, तर कुलपात किल्ली फिरवेपर्यंत खुर्ची मागे घरंगळते.

सामान्य घरमालकाला न्हाणीघरातली फरशी वाकडी बसली तर राग येतो. दिव्यांग माणसाच्या घरात तीच चूक त्याची अंघोळ बंद पाडते. दुरुस्तीसाठी पुन्हा फोडाफोड करायची, तर तेवढे दिवस तो कोठे जाणार? म्हणूनच कित्येकांना तक्रार करण्यापेक्षा सोसणे सोपे वाटत असावे.

करार कोणाचा?

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. काम बिघडले तर जबाबदार कोण?

लोकांची स्वाभाविक समजूत अशी की परिषदेने माणूस पाठवला, परिषदेने नकाशा केला, परिषदेने पैसे दिले. म्हणजे काम परिषदेचे. कायद्याची समजूत निराळी आहे. भाडेकरू परिषदेच्याच घरात राहत असेल तर गोष्ट वेगळी. पण घर स्वतःचे असेल, तर बहुधा करार त्या दिव्यांग व्यक्तीत आणि कंत्राटदारात झालेला असतो. परिषद फक्त अनुदान देणारी. सदोष कामाबद्दल कंत्राटदाराकडे दाद मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने तो स्पष्टही केला आहे. परंतु हा कसला ग्राहक? त्याने कामाचा तपशील लिहिला नाही, दर ठरवला नाही, पुष्कळदा कंत्राटदारही परिषदेच्या यादीतून आला. करारावर सही तेवढी त्याची. सामान्य ग्राहकाच्या हातात पैसे रोखून धरण्याचे हत्यार असते. येथे पैसे दुसऱ्याच्या हातात आहेत.

१९९६ च्या कायद्यातील काही कलमे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. परिषदेचे समाधान होईल अशा रीतीने काम झाले पाहिजे आणि योग्य बिल सादर झाले पाहिजे, या अटीवर अनुदान चुकते होते. म्हणजे समाधान परिषदेचे. काम चालू असताना हप्त्यांनी रक्कम देता येते. मात्र पूर्ण होण्यापूर्वी नऊ-दशांशांहून अधिक देता येत नाही. उरलेला दहावा हिस्सा ही शेवटची पकड. आणि याच कायद्यात एक छोटी तरतूद आहे, जिच्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. परिषद थेट कंत्राटदाराला पैसे देणार असेल आणि अर्जदाराचे कामाने समाधान झाले नसेल, तर त्याच्या विनंतीवरून परिषद ते पैसे रोखून ठेवू शकते.

कायदा करणाऱ्यांना घरात राहणाऱ्याच्या समाधानाची आठवण होती, हे यावरून दिसते. परंतु शब्द 'रोखू शकते' असा आहे, 'रोखलेच पाहिजे' असा नाही. शिवाय विनंती करायची तर ती पैसे चुकते होण्यापूर्वी करायला हवी. अंघोळीचे पाणी कोठे तुंबते हे कळायला मात्र चार वेळा अंघोळ करावी लागते. पाहणीचा अधिकारी येतो तेव्हा फरशी कोरडी व चकचकीत असते.

परिषदांची बाजू

येथे परिषदांवर अन्याय होऊ नये. त्यांचीही बाजू आहे. २००८ साली ठरलेली ३०,००० पौंडांची मर्यादा २०२५ साल उजाडेपर्यंत एका पौंडानेही वाढली नव्हती. मधल्या काळात विटा, लाकूड, मजुरी या साऱ्यांचे भाव चढले. तळमजल्यावर झोपण्याची खोली व न्हाणीघर वाढवायचे तर ही रक्कम अनेक ठिकाणी अपुरी पडते. सरकारने २०१८ साली करवून घेतलेल्या स्वतंत्र आढाव्यातही महागाईच्या प्रमाणात मर्यादा वाढविण्याची सूचना होती. मर्यादेपलीकडे स्वतःच्या धोरणानुसार साहाय्य देण्याची मुभा परिषदांना २००२ पासून आहे. पण मुभा आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे असे की, प्रत्येक तक्रार एकाच प्रकारची नसते. काही वेळा गवंड्याने काम वाईट केलेले असते. काही वेळा त्याने कागदाबरहुकूम चोख काम केलेले असते, पण कागदच चुकलेला असतो; तज्ज्ञाने सकाळच्या प्रहरी पाहिले, तेव्हा रुग्णाला बरे वाटत होते, संध्याकाळची त्याची अवस्था नोंदलीच गेली नाही. आणि काही वेळा काम व कागद दोन्ही बरोबर असून वर्षभरात आजार पुढे सरकलेला असतो. काल काठीने चालणारा आज खुर्चीवर असतो. पहिल्या प्रसंगी कंत्राटदार उत्तरदायी, दुसऱ्या प्रसंगी मूल्यमापन करणारी यंत्रणा, आणि तिसऱ्या प्रसंगी दोष कोणाचाच नसून नव्या मूल्यमापनाची गरज आहे. वाद चिघळतो तो हे तीन प्रसंग वेगळे न केल्यामुळे. कंत्राटदार नकाशाकडे बोट दाखवतो, नकाशा करणारा तज्ज्ञाच्या टिपणाकडे आणि तज्ज्ञ रुग्णाच्या प्रकृतीकडे. या तिघांच्या मध्ये तो माणूस ओल्या फरशीवर बसून राहतो.

दाद कोठे मागायची?

परिषदेच्या कारभाराविरुद्ध तक्रार ऐकण्यासाठी इंग्लंडमध्ये १९७४ च्या कायद्याने स्थानिक शासनाचा लोकपाल निर्माण झाला. आज हे कार्यालय सामाजिक शुश्रूषेच्या तक्रारीही पाहते. प्रथम परिषदेकडे तक्रार करावी, तेथे समाधान झाले नाही तर लोकपालाकडे जावे आणि सर्वसाधारणपणे प्रकार कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत जावे, अशी रीत आहे. यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही. निर्णय जाहीर केले जातात. परिषदेचे नाव छापले जाते, तक्रारदाराचे नाव मात्र झाकलेले असते. मार्च २०१६ मध्ये या लोकपालाने घरातील फेरफारांविषयीच्या तक्रारींवर खास अहवालच काढला होता.

करार कंत्राटदाराशी असला, तरी परिषदेने स्वतः कामाची व्यवस्था व देखरेख अंगावर घेतली असेल, तर त्या देखरेखीतील हयगय लोकपाल तपासू शकतो. क्षमायाचना, दुरुस्ती, भरपाईची रक्कम अशा शिफारशी तो करतो. त्या न्यायालयाच्या हुकुमासारख्या बंधनकारक नसतात, तथापि परिषदा त्या बहुतेक वेळा स्वीकारतात. ही व्यवस्था चांगली आहे. पण ती उशिराची आहे. ज्याला आज रात्री शौचालयापर्यंत जायचे आहे, त्याला पुढील वर्षी मिळालेल्या क्षमापत्राने किती दिलासा मिळणार?

आमच्या मते यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. कामाचा अंतिम हिस्सा चुकता करण्यापूर्वी त्या व्यक्तीने ती सोय काही आठवडे प्रत्यक्ष वापरावी. ज्या तज्ज्ञाने गरज लिहून दिली, त्यानेच पुन्हा येऊन त्या व्यक्तीला ती वापरताना पाहावे. 'पूर्ण' हा शिक्का परिषदेच्या तांत्रिक अधिकाऱ्याच्या सहीबरोबर तिच्याही सहीने पडावा. आणि तिने सही नाकारली तर कारण लिहून घेणे बंधनकारक असावे. बिघाड झाल्यास कोणाला दूरध्वनी करायचा, ते एकच नाव व एकच क्रमांक पहिल्या दिवशीच तिच्या हाती द्यावा. तिने तिघांच्या दारात हेलपाटे घालू नयेत. कोणाची चूक झाली हे त्या तिघांनी आपसांत ठरवावे. कायद्यातील 'रोखू शकते' या दोन शब्दांच्या जागी 'रोखील' हा एक शब्द आला, तरी बरेच काही साधेल.

आपल्या दाराशी

इंग्लंडच्या या वादाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. तेथील रुग्णालयांत व वृद्धांच्या घरांत सेवा करणाऱ्यांमध्ये भारतातून गेलेल्या परिचारिकांची संख्या मोठी आहे. काम पूर्ण झाल्याच्या शिक्क्यानंतरही ज्यांना उचलून न्यावे लागते, अशी माणसे त्या रोज पाहतात. पण संबंध तेवढ्यापुरता नाही. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय घरकुल व जमीन वाटपात ५ टक्के आरक्षण ठेवले आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. हा पैसा कोठे रॅम्पच्या, कोठे शौचालयाच्या रूपाने आपल्या वस्तीतही उतरत असतो.

निधी मिळाला काय, हा प्रश्न आपण ग्रामसभेत विचारतो. तो विचारलाच पाहिजे. इंग्लंडचा अनुभव त्याला दुसरा प्रश्न जोडावयास सांगतो. निधी मिळाला, कायदा झाला, न्यायालयही पाठीशी उभे राहिले, तरी फरशीचा उतार चुकू शकतो. तेव्हा ग्रामपंचायतीच्या दारात, शाळेत वा एखाद्या घरकुलापुढे नवा रॅम्प झाला, तर नारळ फोडण्याआधी गावातल्या एखाद्या व्हीलचेअर वापरणाऱ्या बंधुभगिनीला सन्मानाने बोलवावे. तिला त्यावरून एकटीने वर जाऊ द्यावे, कोणी मागून हात लावू नये. ती वर पोहोचून दार उघडू शकली, तर काम पूर्ण झाले. नाही तर कंत्राटदाराचे बिल तूर्त बाजूला ठेवावे.